बाहुली साच्यात घडते : स्वस्त आणि निर्धोक साहित्याविषयी थोडेसे



दिवाळीला आपल्या शाळेच्या आवारात मुले मातीचा किल्ला करतात हे आपण सर्वजण जाणता. दगड, माती, अळीव पेरून केलेले जंगल, सारे फुकटचे. खर्च येतो तो फक्त मावळ्यांना. एका वर्षी पाचवीच्या मुलांचा किल्ला सर्वांत देखणा झाला होता, पण त्यावर एकही मावळा नव्हता. विचारले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, मावळे किल्ल्याच्या आत जेवायला बसलेत." आम्ही सगळे हसलो. पण वर्गशिक्षकांनी नंतर सांगितले की त्या गटात वर्गणी जमलीच नव्हती. त्या दिवशी आम्ही ठरवले की मावळे, गवळणी, बाहुल्या शाळेतच करायच्या.

आता शाळेत बाहुल्या होतात. पण काही पालकांनी आणि एक-दोन विश्वस्तांनीही सुचवले की मातीऐवजी रेझिनच्या बाहुल्या कराव्यात. त्या चकचकीत दिसतात, फुटत नाहीत, प्रदर्शनात उठून दिसतात. सूचना चांगल्या हेतूने केलेली आहे, म्हणून तिचे उत्तरही नीट द्यायला हवे. साचा कशाचा करावा, त्यात काय ओतावे, कोणत्या वस्तूला किती खर्च येतो आणि कोणती वस्तू मुलांच्या हातात देऊ नये, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत.

साचा ही आपल्याच भागातली विद्या

आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. तिथे याला सांचा म्हणत, मराठीत साचा म्हणतात आणि आपल्या शेजारचे कन्नड बांधव अच्चु म्हणतात. शब्द वेगळे असले तरी काम एकच आहे. एकदा मेहनत करून नमुना घडवायचा, त्याचा ठसा घ्यायचा आणि मग त्या ठशातून हव्या तेवढ्या वस्तू काढायच्या.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव आपल्याला संत गोरोबाकाकांमुळे माहीत आहे. गोरोबा कुंभार होते. पण त्यांच्याही हजारभर वर्षे आधी, सातवाहन काळात, याच तेरमध्ये मातीच्या सुबक बाहुल्या होत होत्या. तेव्हा या गावाचे नाव तगर होते आणि पेरिप्लस या ग्रीक भाषेतील प्राचीन व्यापारी प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तिथे सापडलेल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या दुहेरी साच्यात केलेल्या आहेत. पुढच्या अंगाचा एक साचा, पाठीचा दुसरा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, दोन्ही भाग जोडायचे आणि आतून पोकळ बाहुली बाहेर काढायची. पोकळ ठेवल्याने माती कमी लागते, बाहुली लवकर सुकते आणि भट्टीत तडकत नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहायला मिळतात. तेलंगणातील कोंडापूरलाही अशाच बाहुल्या सापडल्या आहेत. आपण या दोन ठिकाणांच्या मधोमध राहतो.

दुसरे उदाहरण तर आपल्या बिदरचेच आहे. बिदरी काम म्हटले की आपल्याला चांदीची नक्षी आठवते, पण त्याची सुरुवात साच्यापासून होते. मातीत एरंडेल तेल आणि राळ मिसळून साचा करतात आणि त्यात वितळलेले जस्त व थोडे तांबे यांचा मिश्रधातू ओततात. पुढे घासणे, कोरणे, चांदी बसवणे आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांनी काळा रंग आणणे, अशी कामे होतात. या मातीने जस्ताचे अंग काळे होते, चांदी मात्र पांढरीच राहते. बिदरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. यातून मुलांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एवढ्या मोलाच्या वस्तूचा साचा माती, तेल आणि राळ यांचाच असतो. साहित्य साधे असले म्हणजे काम हलके ठरत नाही.

पहिले साहित्य : माती

मूळ नमुना करायला मातीइतके स्वस्त काही नाही. पण आपल्या शेतातली काळी माती जशीच्या तशी घेऊ नये. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना भेगा पडतात, हे उन्हाळ्यात शेतात आपण पाहतोच. कुंभार वापरतात ती तळ्यातील गाळाची माती आणावी. ती वाळवून, कुटून, चाळून, रात्रभर भिजवून मग मळावी. त्यात थोडी बारीक वाळू किंवा चाळलेली राख घातली तर भेगा कमी पडतात. शाडूची मातीही उत्तम, पण ती बाहेरून येते, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाढतो.

माती सुकताना आक्रसते. चांगली माती साधारण दहाव्या हिश्शापर्यंत लहान होऊ शकते. म्हणून दहा सेंटिमीटरचा मावळा हवा असेल तर नमुना अकरा सेंटिमीटरचा करावा. सातवीच्या मुलांना हे प्रमाणाचे गणित म्हणूनही घालता येईल.

दुसरे साहित्य : प्लास्टर ऑफ पॅरिस

साच्यासाठी आम्ही प्लास्टर वापरतो. जिप्सम नावाचा दगड सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि जी पांढरी पूड उरते ती प्लास्टर ऑफ पॅरिस. आपल्या देशात जिप्सम मुख्यतः राजस्थानात सापडते. या पुडीत पाणी घातले की ती आपले गेलेले पाणी परत घेते आणि पुन्हा दगड बनते. फळ्यावर लिहायचा खडू बहुधा याच प्लास्टरचा, साच्यात ओतून केलेला असतो. काही मुलांनी खडूच्या तुकड्यांची पूड करून साचा करून पाहिला आणि तो घट्ट का होत नाही असे विचारले. प्रश्न छान होता. खडूने आपले पाणी आधीच घेतलेले असते, त्यामुळे त्याला पुन्हा घट्ट होण्याचे कारण उरत नाही.

प्लास्टर कालवायची रीत अशी. साधारण एक वाटी पाण्याला दोन वाट्या पूड. पुडीत पाणी ओतू नये, पाण्यात पूड हळूहळू भुरभुरावी. एक-दोन मिनिटे भिजू द्यावी आणि मग बुडबुडे येणार नाहीत असे सावकाश ढवळावे. दहा मिनिटे ते अर्ध्या तासात ते घट्ट होते. दहा सेंटिमीटरच्या बाहुलीच्या दोन भागांच्या साच्याला साधारण एक किलो पूड लागते. चांगला जपलेला साचा डझनावारी बाहुल्या देतो. म्हणजे साच्याचा खर्च सगळ्या बाहुल्यांवर वाटला की एका बाहुलीला अगदी किरकोळ पडतो.

दोन भागांचा साचा करताना मिठाईचा रिकामा खोका घ्यावा आणि आतून प्लास्टिकचा कागद लावावा. नमुना अर्धा मातीत पुरावा, अर्धा वर ठेवावा. भोवतालच्या मातीत गोटीने दोन-तीन खड्डे करावेत, म्हणजे दोन्ही भाग पुढे एकमेकांत नेमके बसतात. वरून प्लास्टर ओतावे. घट्ट झाल्यावर खोका उलटावा, माती काढावी, प्लास्टरच्या उघड्या पृष्ठभागाला साबणाचे दाट पाणी दोन-तीन वेळा लावावे आणि मग दुसरा भाग ओतावा. साबण विसरलात तर दोन्ही भाग कायमचे एक होतात. आमचे पहिले दोन साचे असेच गेले. ते आता ऑफिसचे दार उघडे ठेवायला उपयोगी पडतात.

प्लास्टरचा साचा कडक असतो, वाकत नाही. म्हणून नमुन्यात कुठेही साचा अडकेल अशी खोबण नसावी. मावळ्याचा हात अंगाला टेकलेला ठेवावा, ढाल पाठीला चिकटलेली ठेवावी. तलवार साच्यात काढूच नये, बांबूची काडी तासून मागून लावावी.

साचा तयार झाल्यावर तो काही दिवस उन्हात पूर्ण सुकू द्यावा. सुका साचा मातीतले पाणी शोषतो, माती जरा आक्रसते आणि बाहुली आपोआप सुटते. पावसाळ्यात साचे सुकत नाहीत, म्हणून हे काम आपण दसऱ्याच्या सुट्टीत ऑक्टोबरच्या उन्हात करतो.

तिसरे साहित्य : कागदाचा लगदा

ज्यांना हलकी आणि सहसा न फुटणारी बाहुली हवी आहे त्यांच्यासाठी कागदाचा लगदा उत्तम. जुनी वर्तमानपत्रे फाडून रात्रभर भिजवावीत, शिजवून कुटावीत, पाणी पिळून काढावे आणि मैद्याची किंवा चिंचोक्याची खळ मिसळावी. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून, वाटून शिजवले की चिकट खळ होते. कोप्पळ जिल्ह्यातील किन्हाळचे खेळणी करणारे कारागीरही चिंचोक्याची खळ वापरतात. आपल्याकडे चिंचेची झाडे कमी नाहीत.

साच्याला आतून खोबरेल तेलाचा हात फिरवावा, लगद्याचा पातळ थर दाबून बसवावा, थोडा सुकल्यावर काढावा आणि दोन्ही अर्धी अंगे खळीनेच जोडावीत. जुने लोक खळीत मोरचूद घालीत, म्हणजे कीड लागत नसे. मोरचूद विषारी आहे, तो शाळेत वापरायचा नाही. बाहुली कडक उन्हात पूर्ण वाळवली आणि वरून रंगाचा थर दिला की पुरते.

चौथे साहित्य : लवचीक साचा

नमुन्यात बारीक नक्षी असेल, पदराच्या निऱ्या असतील, तर वाकणारा साचा लागतो. त्यासाठी बाजारात साच्याचे सिलिकॉन रबर मिळते. ते उत्तम आहे, पण महाग आहे. एका किलो सिलिकॉनच्या पैशात प्लास्टरची गोणी येते.

याला एक स्वस्त पर्याय आहे. खिडक्यांच्या काचा बसवायला वापरतात ते सिलिकॉन सीलंट हार्डवेअरच्या दुकानात नळीत मिळते. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो प्रकार घ्यावा. त्यात कॉर्नफ्लोअर मिसळून कणकेसारखे मळले की ते तेल लावलेल्या नमुन्यावर थापता येते आणि लवकर घट्ट होते. वरून प्लास्टरचे कवच द्यावे, म्हणजे साचा आकार सोडत नाही. मात्र वास डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. हे काम शिक्षकांनी हातमोजे घालून, उघड्यावर करावे. झालेला साचा मुलांच्या हातात द्यायला हरकत नाही. त्यात प्लास्टर ओतता येते. त्यातून निऱ्यासकट गवळण निघते तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

आता रेझिनविषयी

रेझिन म्हणजे दोन द्रव. एक मूळ रेझिन, दुसरा ते घट्ट करणारा हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया होऊन कडक पदार्थ बनतो. घरातील अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्या हे याच कुटुंबातले लहान भावंड.

इथे आमची एक चूक कबूल करतो. एका वर्षी प्रदर्शनासाठी आम्ही एपॉक्सी रेझिनचा लहान संच आणला. वजनकाटा नव्हता, म्हणून प्रमाण अंदाजाने घेतले. लवकर वाळावे म्हणून हार्डनर थोडा जास्त घातला. चार दिवस झाले तरी बाहुल्या चिकटच. त्यातच मदत करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मनगटावर पुरळ उठले. तिचे वडील शाळेत आले आणि रागावले. त्यांचा राग योग्य होता. संचात दोष नव्हता, दोष आमच्या घाईत होता.

त्यानंतर आम्ही या वस्तूविषयी नीट वाचले. एपॉक्सीत हार्डनर जास्त घातल्याने ते लवकर घट्ट होत नाही, उलट बिघडते. प्रमाण डब्यावर लिहिले असेल तेवढेच, काट्यावर मोजून घ्यावे लागते. न वाळलेले रेझिन वारंवार कातडीला लागले तर काहींना त्याची कायमची अ‍ॅलर्जी जडते आणि मग थोड्याशा स्पर्शानेही त्रास होतो. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते, पण त्याच्या वाफा उग्र असतात आणि ते घट्ट करणारे रसायन डोळ्यांत उडाले तर डोळा गमावण्याचा धोका असतो. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून वाफा अडत नाहीत.

खर्चाचेही तसेच आहे. रेझिन प्लास्टरच्या ओलसर साच्यात नीट होत नाही आणि त्याला चिकटून बसते. म्हणजे सिलिकॉनचा साचा आला. मग हातमोजे, चष्मे, वजनकाटा, फेकून द्यावे लागणारे पेले आले. मातीची बाहुली बिघडली तर भिजवून पुन्हा मळता येते. रेझिनची बिघडली तर ती पुन्हा वितळत नाही, कचऱ्यातच जाते.

प्लास्टरबाबतही एक ताकीद

रेझिनचे एवढे सांगितले म्हणून प्लास्टर अगदी निरुपद्रवी समजू नये. ते घट्ट होताना तापते. मोठा गोळा असेल तर ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतो. २००७ साली इंग्लंडमधील एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या हातांचा ठसा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरमध्ये बुडवले. ते घट्ट झाले, तापले आणि हात बाहेर काढता येईनात. तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. ही बातमी वाचल्यापासून आमच्या वर्गात एकच पाठ दरवर्षी पहिल्या दिवशी होतो. प्लास्टरमध्ये हात घालायचा नाही, हाताचा किंवा चेहऱ्याचा ठसा घ्यायचा नाही. मग तो वाढदिवसाचा हौसेचा ठसा का असेना.

पूड उडवू नये, नाका-तोंडाला कापड बांधावे. भांडी मोरीत धुऊ नयेत, प्लास्टर नळीत जाऊन दगड होते. बादलीत धुवावीत, गाळ खाली बसला की पाणी झाडांच्या आळ्यापासून दूर ओतावे आणि गाळ कचऱ्यात टाकावा. शिवाय प्लास्टर पाण्यात विरघळून जात नाही. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली विसर्जनाच्या मूर्ती प्लास्टरच्या नसाव्यात अशी मार्गदर्शक तत्त्वे दिली. म्हणून आपण साच्यासाठी प्लास्टर वापरतो. गणपती मात्र मातीचाच करतो.

शाळेने ठरवलेले नियम

वरील सर्व विचार करून आम्ही शिक्षकांनी पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

१. सातवीपर्यंतची मुले माती आणि कागदाचा लगदा एवढ्यावरच काम करतील. साचे त्यांना तयार मिळतील.
२. आठवी व त्यापुढील मुले शिक्षकांसमोर प्लास्टर कालवतील व साचे करतील.
३. सीलंटचे लवचीक साचे फक्त शिक्षक करतील.
४. रेझिन शाळेत ओतले जाणार नाही. ज्यांना पुढे हे काम शिकायचे आहे त्यांनी मोठे झाल्यावर, जाणत्या माणसाकडे, पुऱ्या साधनांसह शिकावे.

चौथ्या नियमाने काही जण नाराज होतील हे आम्ही जाणतो. चकचकीत बाहुली प्रदर्शनात उठून दिसते हे खरेच आहे. पण मातीच्या बाहुलीला बारीक पॉलिश कागद मारून, रंग देऊन वर वार्निशचा हात दिला तर तीही झळकते, हे आपण येत्या प्रदर्शनात पाहालच.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती छोटी आहे. कुलूप लागणारे एक कपाट, एक वजनकाटा, दोन बादल्या आणि दरवर्षी प्लास्टरची एक गोणी एवढ्यात संपूर्ण शाळेचे काम भागेल. पालकांनी जुनी वर्तमानपत्रे, मिठाईचे रिकामे खोके आणि मूठभर चिंचोके मुलांसोबत पाठवावेत. ज्यांच्या घरी कुंभारकाम चालते त्यांनी एखादी दुपार शाळेला द्यावी. माती कशी मळावी हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळते आणि मुलांनी ते त्यांच्याच हातून शिकावे.

पाचवीतल्या त्या मुलांचे पुढे काय झाले तेही सांगतो. पुढच्या दिवाळीत त्यांनी एकाच साच्यातून पस्तीस मावळे काढले. अकरा त्यांनी स्वतः ठेवले आणि बाकीचे दुसऱ्या वर्गांना दिले. जेवायला बसलेल्या मावळ्यांची चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, "सर, आता सगळे पहाऱ्यावर आहेत."

आपला,
मुख्याध्यापक